चौदा लाखांचे लग्न, पंचवीस हजारांचे वर्ष

नाशिकमध्ये करसल्लागार म्हणून काम करताना मंडपवाले, केटरर, फोटोग्राफर ही मंडळी माझ्याकडे पूर्वीपासून येतात. गेल्या काही वर्षांत त्यांत 'इव्हेंट प्लॅनर' अशी पाटी लावणाऱ्या तरुण मुलामुलींची भर पडली आहे. त्यांतल्या एकीचे धंद्याचे पहिले आर्थिक वर्ष, म्हणजे एप्रिल २०२४ ते मार्च २०२५, तिच्या संमतीने इथे मांडतो. नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आकडे गोल केले आहेत. हिशेबाची मांडणी मात्र तिच्या वहीतलीच आहे.

या क्षेत्रात यायचे म्हटले की कोर्स कोणता, पगार किती, ओळखी कशा वाढवायच्या हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पैसा कोणाच्या खात्यातून जाणार, हे विचारणारा सहसा भेटत नाही. या मुलीचे घोडे नेमके तिथेच अडले.

नोकरीतली शिदोरी

मुलगी नाशिकची. वडील ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. बी.कॉम.नंतर तिने पुण्यात इव्हेंट मॅनेजमेंटचा वर्षाचा डिप्लोमा केला आणि तो संपता संपता मार्च २०२० ची टाळेबंदी लागली. पुढचे दीड वर्ष या धंद्याचे काय झाले ते वेगळे सांगायला नको. एप्रिल २०२१ मध्ये तर राज्यात लग्नाला २५ माणसे आणि दोन तास एवढीच मुभा होती. घरच्यांनी बँकेच्या परीक्षांचा लकडा लावला, तिने त्या दिल्याही. २०२१ च्या अखेरीस पुण्यातल्या एका एजन्सीत कोऑर्डिनेटरची जागा मिळाली आणि बँकेचा विषय संपला. सुरुवातीचा पगार १८ हजार, सोडताना ३० हजार.

एजन्सीत ती काय शिकली याचा एक नमुना तिने मला दाखवला होता: एका कंपनीच्या कॉन्फरन्सची रनशीट, म्हणजे कोणते काम किती वाजता कोणी करायचे याचा तक्ता. हॉटेलचा हॉल आधीच्या पार्टीकडून रात्री साडेबाराला ताब्यात येणार. पाऊणला ट्रसचा, म्हणजे स्टेजच्या धातूच्या सांगाड्याचा, ट्रक मागच्या गेटला. तीनपर्यंत एलईडी वॉल उभी. चारला साउंडची फक्त लाइन तपासायची, कारण वर पाहुणे झोपलेले असतात. आवाज सकाळी सातनंतर. सहाला खुर्च्या, साडेसातला नोंदणीचे टेबल, नऊला डायरेक्टर. प्रत्येक ओळीपुढे माणसाचे नाव, मोबाइल नंबर आणि शेवटी एक रकाना, त्याचे शीर्षक 'नाही आला तर'. मला तो रकाना फार आवडला. आमच्या क्षेत्रातल्या कित्येक जाणत्या माणसांना तो सुचत नाही.

त्या कागदावर पैशाचा रकाना मात्र नव्हता. असणार कसा? ट्रसवाल्याला आगाऊ किती दिले, बाकी कधी द्यायची, ग्राहक कंपनी बिल किती दिवसांनी चुकते करते, तोवर एजन्सी कुठून भागवते, हे सगळे वरच्या मजल्यावरच्या टेबलावर ठरत असे. कोऑर्डिनेटर तिथवर पोहोचत नाही. तिला व्हेंडरांचे दर तोंडपाठ होते, त्यांच्या उधारीची रीत माहीत नव्हती.

माझ्या पिढीला इव्हेंट मॅनेजमेंट हा शब्द कळला तो १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात झालेल्या मायकल जॅक्सनच्या कार्यक्रमामुळे. त्या कार्यक्रमाच्या करमणूक कराचा घोळ पुढे कोर्टकचेऱ्या करत जानेवारी २०२१ पर्यंत चालला. तेव्हा राज्य मंत्रिमंडळाने सव्वातीन कोटींच्या वरचा कर माफ केला. कार्यक्रम एका संध्याकाळचा, फाइल चोवीस वर्षांची. लोकांना त्याचे नाचणे आठवते, मला फाइल आठवते.

मुहूर्त नसलेला उन्हाळा

मार्च २०२४ अखेर तिने नोकरी सोडली आणि एप्रिलमध्ये माझ्याकडे आली. सल्ला घ्यायला लोक राजीनामा दिल्यावरच येतात, याची आता सवय झाली आहे. साठवलेले २ लाख ४० हजार आणि वडिलांची ३ लाखांची मुदत ठेव, एवढे भांडवल. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केली, तिला पैसे पडत नाहीत. दहापेक्षा कमी माणसे कामाला असतील तर २०१७ च्या कायद्यानुसार तेव्हा दुकान-आस्थापनेची फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागे, तीही दिली.

मी कॅलेंडर पुढे ओढले. त्या वर्षी एप्रिलअखेर शुक्राचा अस्त आणि मेच्या पहिल्या आठवड्यात गुरूचा. मे-जून हा आपल्याकडे लग्नाचा ऐन हंगाम, आणि त्याच दोन महिन्यांत पंचांगात नेहमीचे मुहूर्त नाहीत. जुलैत थोडे दिवस, की लगेच १७ जुलैला आषाढी एकादशी आणि चातुर्मास सुरू. तो सुटणार कार्तिकीला, १२ नोव्हेंबरला. गौणकाळातले, म्हणजे अडीनडीचे, मुहूर्त धरून लग्ने होतात, पण ती घाईची, घरगुती. प्लॅनर नेमणारी नव्हेत. त्यात लोकसभेची आचारसंहिता. नाशिकचे मतदान २० मेला होते, सरकारी कार्यक्रम बंद आणि बरेचसे साउंडवाले सभांत गुंतलेले.

"सर, मला माहीत होते," ती म्हणाली. "म्हणूनच आता सोडली. हे महिने तयारीत घालवायचे, नोव्हेंबरला कामे घ्यायची."

बेत चुकीचा नव्हता. तयारीच्या महिन्यांतही घर चालवावे लागते, गाडीचा हप्ता जातो, फोटो काढून घेतले तर फोटोग्राफर पैसे मागतो. महिन्याला सरासरी २२ हजार जात होते. बारसे, डोहाळजेवण, वाढदिवस, एक साखरपुडा अशी कामे येत राहिली. वर्षभरात त्यांची बिले ४ लाख ३० हजारांची झाली, सुटले ९५ हजार. या छोट्या कामांना ती स्वतः नाक मुरडायची. माझ्या मते तिच्या वर्षातले सगळ्यात निरोगी काम तेच होते: आगाऊ रक्कम आधी, काम संपले की बाकी हातात, आणि कोणाचे काही बुडले नाही.

ऑगस्टमध्ये अंबडच्या एका कारखान्याचा डीलर मेळावा मिळाला. बिल ३ लाख ६० हजार, सुटले ४२ हजार. पैसे मात्र महिना उलटून गेला तरी येईनात. तिच्या बिलावर उद्यम क्रमांकच नव्हता. नोंदणी झालेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, हा नियम २००६ च्या कायद्यापासून आहे. खरेदीदारांना त्याची धास्ती बसली ती आयकर कायद्यात ४३बी कलमाला नवे उपकलम जोडल्यावर. आता मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च कंपनीला वजावटीत धरता येत नाही. क्रमांक छापलेले बिल पुन्हा पाठवले, सोबत चार ओळींचे सभ्य पत्र. दोन महिन्यांच्या आसपास रक्कम जमा झाली. तोवर व्हेंडरांना तिने बचतीतून दिले होते.

लग्न

ऑक्टोबरच्या मध्यावर वडिलांच्या ओळखीतून एक लग्न आले. मुलगी नाशिकची, मुलगा नगरकडचा, डिसेंबरचा पहिला आठवडा, गंगापूर रोडचे लॉन्स. दोन्ही घरांनी खर्च निम्मा-निम्मा करायचा, आजकालची रीत. मुलीच्या वडिलांचे म्हणणे एवढेच होते: "आम्हाला दहा जणांच्या मागे पळायचे नाही. तू एक आकडा सांग, तेवढे देऊ, बाकी तुझे तू बघ."

तिने आकडा सांगितला १४ लाख. तिचा अंदाज असा:

लॉन्सचे भाडे २ लाख ५० हजार. जेवण ४ लाख ५० हजार. त्यात ६०० ताटे ६५० रुपयांप्रमाणे ३ लाख ९० हजार आणि हळदीचा नाश्ता-जेवण ६० हजार. मंडप आणि सजावट २ लाख ६० हजार. साउंड, लाइट, जनरेटर १ लाख १० हजार. फोटो-व्हिडिओ १ लाख २० हजार. मेकअप, मेंदी, वाजंत्री ७५ हजार. गुरुजी, पूजेचे सामान, गाड्या, पाहुण्यांच्या दिमतीची मुले ५५ हजार. बेरीज १३ लाख २० हजार, म्हणजे तिला सुटणार ८० हजार.

पैसे ४०-४०-२० टक्के असे तीन टप्प्यांत ठरले. कागद म्हणाल तर एक पानी कोटेशन आणि व्हॉट्सॲपवरचा 'ओके'. कोटेशनवर 'अंदाजे ६०० पाहुणे' असे लिहिले होते. पुढे सगळा दंगा त्या 'अंदाजे'ने केला.

एक गोष्ट तिने ठामपणे केली. मुलाकडच्यांना पहिला हप्ता रोख द्यायचा होता. एका कार्यक्रमासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, हे मी तिला सांगून ठेवले होते. शिवाय १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली होती, नाक्यानाक्यांवर ५० हजारांच्या वरच्या रोख रकमेचे कागद विचारले जात होते. तिने सगळे बँकेतून मागितले. थोडी नाराजी झाली, पण पैसे आले.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात बंगालच्या उपसागरात फेंगल चक्रीवादळ होते. तमिळनाडू-पुदुच्चेरीच्या किनाऱ्याला ते ३० नोव्हेंबरला धडकले, पण आपल्याकडेही थंडी पळाली, ढग आले, पावसाचा इशारा आला. लॉन्सचा मंडप वरून उघडा, फुलांच्या कमानी आणि झुंबरे टांगलेली. तिने मंडपवाल्या काकांना वॉटरप्रूफ छत घालायला सांगितले, खर्च २८ हजार. हा खर्च कोणाचा, हे विचारायला दोन्ही घरी फोन केला. मुलीकडचे म्हणाले, "पाऊस पडतो का बघू." मुलाकडचे म्हणाले, "ते तुमच्या पॅकेजात नाही का?" छत पडले, पाऊस आला नाही. पाऊस न आल्याने पैसे मागायची सोयही गेली. छतामुळे आत अंधारून आले म्हणून लाइट दुपारपासून लावले, जनरेटर जास्त चालला, डिझेलचे ९ हजार वेगळे.

मग जेवण. ताटे मोजायची आपल्याकडची रीत म्हणजे केटररचा माणूस ताटांच्या चळतीशी उभा राहतो आणि पन्नास-पन्नासचा गठ्ठा सुटला की वहीत रेघ मारतो. तिने स्वतःचा एक मुलगा हातात बोटाने दाबायचा काउंटर देऊन शेजारी उभा केला होता. रात्री केटररची वही म्हणाली ७४२, मुलाचा काउंटर ७१५. थोडी हुज्जत होऊन ७१५ वर तोड निघाली. तिच्या सगळ्या प्रशिक्षणाचा त्या दिवशी रोखीत झालेला फायदा एवढाच: २७ ताटे, साडेसतरा हजार रुपये.

तरीही ११५ ताटे जास्तीची होतीच, रक्कम ७४ हजार ७५०. कोणाची? मुलाकडचे म्हणाले, आमची माणसे यादीबरहुकूम आली, वाढीव तुमच्या गावातली. मुलीकडचे म्हणाले, नगरहून दोन बस जास्त आल्या ते सगळ्यांनी पाहिले. पंक्तीत बसलेल्याला तू कोणाकडचा हे कोण विचारणार? आणि ज्यांनी एक आकडा ठरवून दिला, त्यांच्या दृष्टीने भांडण आपसातले नव्हतेच. आकडा तिने सांगितला होता.

लग्न उत्तम पार पडले, हेही लिहायला हवे. मुहूर्त मिनिटावर साधला, गुरुजी खूष, नवरी खूष, रात्री दहाच्या ठोक्याला डीजे बंद, पोलिसांचा फोन नाही. इन्स्टाग्रामवर त्या कमानीच्या व्हिडिओमुळे तिला पुढे चौकशाही आल्या.

रात्री अकरा वाजता मंडपवाले काका माल उतरवत होते. बाकी १ लाख ३० हजार आणि वर छताचे २८. तिने तिथेच उभ्या उभ्या यूपीआयने १ लाख पाठवले, दिवसाची मर्यादाच तेवढी.

"काका, उरलेले सकाळी नऊला."

"द्या ताई. पण नऊ म्हणजे नऊ, पोरांना उद्या सिन्नरचे काम आहे."

नऊला दिले. केटरर, साउंडवाला, फोटोग्राफर, सगळ्यांचे त्याच आठवड्यात. त्या दिवसापर्यंत दोन्ही घरांकडून तिला मिळाले होते ११ लाख २० हजार आणि खर्च झाला होता १४ लाख ३१ हजार ७५०. मधली तीन लाख बारा हजारांच्या आसपासची रक्कम उरलीसुरली बचत आणि वडिलांची मुदत ठेव मोडून भरली.

शेवटचा हप्ता २ लाख ८० हजारांचा. मुलीच्या वडिलांनी आपला निम्मा वाटा, १ लाख ४० हजार, दुसऱ्या दिवशी दिला. मुलाकडून जानेवारीत ६० हजार आले आणि मग फोन उचलणे कमी झाले. राहिले ८० हजार. कारण सांगितले फुलांच्या रंगाचे. एकंदर आवक १३ लाख २० हजार. तोटा १ लाख ११ हजार ७५०.

वहीतले उत्तर

मार्चअखेर आम्ही बसलो. छोट्या कामांतून ९५ हजार, मेळाव्यातून ४२ हजार, लग्नात वजा १ लाख १२ हजार. वर्षाची कमाई २५ हजार, आणि त्यातून पेट्रोल, मोबाइल वजा करायचे राहिलेच होते. नोकरीत राहिली असती तर ३ लाख ६० हजार.

तिला दुसरा धक्का बसला तो उलाढालीचा. ४ लाख ३० हजार, ३ लाख ६० हजार आणि लग्नाचे १४ लाख मिळून झाले २१ लाख ९० हजार. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की ३० दिवसांत जीएसटी नोंदणीचा अर्ज करावा लागतो आणि पुढच्या बिलांवर १८ टक्के लागतात. लग्नघरातल्या माणसांना त्या कराची वजावट मिळत नाही. त्यांच्या लेखी ती सरळ १८ टक्क्यांची भाववाढ. २५ हजार कमावणारी मुलगी कागदावर २२ लाखांची धंदेवाईक झाली, कारण केटररचे, लॉन्सचे, फोटोग्राफरचे पैसे तिच्या खात्यातून गेले. ते तिचे कधीच नव्हते.

या धंद्यात कमाईच्या तीन रीती आहेत. पहिली, एकरकमी पॅकेज: ग्राहकाकडून आकडा घ्यायचा, व्हेंडरांना आपण द्यायचे, मधले आपले. जोखीम सगळी आपली. मोठ्या एजन्सीला हे परवडते. तिच्या हातात दहा कामे असतात, एकात गेले तर दुसऱ्यात निघते, आणि बँकेत ओव्हरड्राफ्ट असतो. दुसरी, फी: ग्राहक व्हेंडरांना थेट पैसे देतो, आपण फक्त नियोजनाचे घेतो. तिसरी, व्हेंडरकडून मिळणारा कट. तो मागावा लागत नाही. चार कामे दिली की केटरर आपणहून पाकीट पुढे करतो.

तिने फी ९० हजार ठरवली असती तर? छत, डिझेल, जास्तीची ताटे, सगळे दोन घरांच्या वाट्याला गेले असते. तिची उलाढाल ८ लाख ८० हजारांवर थांबली असती, जीएसटीचा प्रश्नच नव्हता, आणि वर्षाची कमाई सव्वादोन लाखांच्या पुढे. मी हे मांडून दाखवले तेव्हा तिने जे विचारले ते खरे होते.

"सर, ९० हजार फी म्हटली असती तर मला काम मिळाले असते का? नुसते उभे राहायचे ९० हजार, असे म्हणाले असते."

म्हणाले असते. आपल्या लोकांना खुर्चीचे, फुलाचे, ताटाचे पैसे द्यायला काही वाटत नाही, कारण ती दिसतात. रात्री जागून केलेल्या रनशीटचे पैसे द्यायला जिवावर येते. म्हणून प्लॅनर आपली फी पॅकेजात लपवतो आणि लपवलेल्या फीबरोबर जोखीमही गळ्यात घेतो. कट घेणारा त्याहून पुढे जातो: ग्राहकाला सांगतो फी कमी आहे, आणि केटररच्या प्रत्येक ताटामागे आपले काढतो. मग ७४२ आणि ७१५ चा वाद झाला, तर तो कोणाच्या बाजूने उभा राहणार? फी आणि गुपचूप कट, दोन्ही घेणाऱ्या मुलांची वही मी लिहीत नाही. कोणाला हे सोवळे वाटेल. वाटो.

तिचे एक मोठे जमेचे खाते मात्र वहीत दिसत नव्हते. नाशिकच्या बाजारात मंडप, साउंड, फुलेवाले सगळे एकमेकांना ओळखतात. ग्राहकाने बुडवले तरी या मुलीने आठवड्यात सगळ्यांचे चुकते केले, ही बातमी फिरली. नवे काम असले की पन्नास टक्के आगाऊ मागणारे लोक तिला दहा टक्क्यांवर तारीख धरून देऊ लागले. तोटा खाऊन मिळालेली पत, पण पतच.

पुढचे पाऊल

परत नोकरी, की धंदा? वडील म्हणत होते नोकरी. तिने मधला मार्ग काढला, तो माझ्या डोक्यात नव्हता. मुंबई-पुण्याचे प्लॅनर नाशिकच्या द्राक्षबागांत, वायनरीत लग्ने घेऊन येतात. त्यांना स्थानिक माणूस लागतो, जो लॉन्सवाल्याला, पोलीस ठाण्याला, जनरेटरवाल्याला ओळखतो आणि तीन दिवस जागा सोडत नाही. ती दिवसाला ५ हजारांवर अशी कामे घेऊ लागली. पैसा तिच्या खात्यातून जात नाही, फक्त तिची मजुरी येते. आणि या निमित्ताने एजन्सीत न दिसलेले ते वरच्या मजल्यावरचे टेबल तिला आता जवळून बघायला मिळते, कारण प्लॅनर तिच्याकडूनच स्थानिक व्हेंडरांचे हप्ते ठरवून घेतात.

स्वतःची लग्ने ती फक्त फीवर घेते. दहातले सात लोक दर ऐकून परत जातात, असे तिचेच म्हणणे. करारनामा आता चार पानांचा आहे, आम्ही दोघांनी बसून केला. व्हेंडरांना पैसे कुटुंबाने थेट द्यायचे. खर्च दोन घरांत वाटून असला तरी सही करणारा आणि पैसे देणारा एकच; दुसऱ्या घराचा वाटा त्याने वसूल करायचा. ताटांची मोजणी दोन्ही घरांचा एकेक माणूस आणि केटरर मिळून करतील, आकड्यावर रात्रीच सही. पावसासाठी छताचा निर्णय चार दिवस आधी कुटुंबाने लेखी कळवायचा, खर्च त्यांचा. संगीताच्या परवान्याचे पैसे कोणी मागितले तर तेही कुटुंबाचे. कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात लग्नाला सवलत आहे, पण तिची व्याप्ती किती हा वाद मिटलेला नाही. गोवा सरकारने लग्नांच्या बाजूने काढलेले परिपत्रक ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले, त्यामुळे हॉटेलवाले पुन्हा परवान्याचा कागद मागतात. तिची फी तीन हप्त्यांत, शेवटचा हळदीच्या सकाळी. लग्नानंतर काहीही शिल्लक ठेवायचे नाही.

या कागदाची परीक्षा लवकरच झाली. मे २०२५ मध्ये राज्यभर अवकाळी पावसाने धुमाकूळ घातला आणि मान्सून २६ मेलाच मुंबईत येऊन थडकला. त्या महिन्यात तिचे एक लग्न लॉन्सवर होते. चार दिवस आधी तिने छताचे विचारले. मुलीच्या काकांनी "इतक्या लवकर कुठला पाऊस" म्हणून लेखी नकार पाठवला. आदल्या संध्याकाळी आभाळ फाटले. मंडपवाल्या काकांनी रात्रीत छत घातले, दर अर्थातच चढा, पैसे कुटुंबाने मंडपवाल्यांना थेट दिले. तिला कोणी बोल लावला नाही, कारण नकाराचा मेसेज सगळ्यांच्या मोबाइलमध्ये होता. फी हळदीच्या सकाळीच जमा झाली होती.

नगरच्या ८० हजारांवर तिने पाणी सोडले. मी नोटीस पाठवू म्हटले होते. कोटेशनवर सही नाही, 'अंदाजे' लिहिलेले आणि वडिलांच्या ओळखीतले घर. तिने नको म्हटले, आणि वकिलाची फी धरता ते बरोबरही असावे.

आता तिच्या डोक्यात मुद्रा कर्ज घेऊन स्वतःचे सोफे, कमानी, झुंबरे विकत घ्यायचे आहे. बातम्यांतली २० लाखांची मर्यादा आधीचे 'तरुण' गटातले कर्ज फेडलेल्यांसाठी आहे, तिला १० लाखांपर्यंतच मिळेल, हे सांगून झाले. चातुर्मासात झुंबरे गोडाऊनमध्ये पडून राहतील आणि हप्ता मात्र दर महिन्याला जाईल, हेही सांगितले. त्यावर तिचे उत्तर तयार होते: माल मंडपवाल्या काकांच्या गोडाऊनला ठेवायचा, ते इतर कामांना भाड्याने लावतील, भाडे निम्मे-निम्मे. निम्मे-निम्मे म्हटल्यावर माझ्या कपाळाला आठी पडली. काकांकडून गेल्या तीन हंगामांची भाड्याची वही मागवली आहे. ती आल्याशिवाय बँकेचा फॉर्म भरायचा नाही, एवढ्यावर सध्या आमचे जमले आहे.